तारांचं जाकीट

दवाखान्यातून फोन आला आणि दिगंबरला बायको गेल्याचं कळलं. लोक येतील म्हणून त्याने आधी पुढची खोली आवरली. हँगरला तिचं तलवारबाजीचं जाकीट होतं, धातूच्या बारीक तारांनी विणलेलं, ओढणीइतकं हलकं. त्याची घट्ट घडी घालून त्याने ते ट्रंकेत तिच्या साड्यांखाली ठेवलं.

महिन्याभराने तिची शिष्या शर्वरी राज्य स्पर्धेसाठी ते मागायला आली. “माझंच घालून खेळ, असं मॅडम म्हणाल्या होत्या.” घडी उलगडताना ती थबकली. “काका, याची घडी घालायची नसते हो. तारा तुटतात.”

“इतकी वर्षं टिकलंय. घालून तर बघ.”

सरावाला तोही गेला. समोरच्या मुलीच्या तलवारीचं टोक शर्वरीच्या छातीवर टेकलं, पातं वाकलं. वार जाकिटाच्या तारांवर लागला की मशीनचा रंगीत दिवा लागतो. पांढरा लागला, म्हणजे वार बाहेर गेला. पुन्हा टोक टेकलं, पुन्हा पांढराच.

“मशीन म्हणतंय, इथं कुणी नाहीच!” ती मुलगी हसली आणि दिगंबरकडे बघून तिने जीभ चावली.

शर्वरी उसनं जाकीट घालून स्पर्धा खेळली. तारा जोडून देणारा माणूस पुण्यात आहे. दिगंबर अजून त्याच्याकडे गेलेला नाही.