बाबांनी पाठवलेला फ्रॉक

न्यायाधीशबाईंनी मुक्ताला एकटीलाच चेंबरमध्ये बोलावलं, तेव्हा शैलामावशी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. बहीण गेल्यापासून पोर तिच्याच कुशीत वाढली होती. दुसरं लग्न केलेल्या बापाने इतकी वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता मात्र त्याला लेकीचा ताबा हवा होता.

थोड्या वेळाने मावशीलाही आत बोलावलं. "मुलीला वडिलांची फार ओढ आहे. दर वाढदिवसाला ते फ्रॉक पाठवतात, अंगातलाही त्यांचाच, असं ती सांगते. खरंय?"

फ्रॉक मावशीच आणायची. आपण बापाला नकोशा आहोत हे पोरीला कळू नये, म्हणून नाव बाबांचं सांगायची. मुक्ता फ्रॉकचा घेर सावरत तिच्याकडेच बघत होती. मावशीने मान डोलावली.

निकाल बापाच्या बाजूने लागला. तो न्यायला आला तेव्हा मुक्ताने मुद्दाम तोच फ्रॉक घातला आणि त्याच्यासमोर गिरकी घेतली.

"अरे वा! कुणी घेतला गं?"

मुक्ताचा चेहरा उतरला. ती मावशीकडे वळली.

मावशी हसली. "बाबा गंमत करतायत गं," म्हणाली, आणि काकुळतीने त्याच्याकडे बघत राहिली. "हो ना, भावोजी?"