बिस्किटचा डाग

तपासनीस क्रॅबट्रीने मासिक उघडून घोड्याच्या पाठीवर ठेवलं. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा घोड्याकडे. चष्मा पुसला आणि पुन्हा तसंच केलं.

"लेवी, यातला एक खोटा आहे."

"चित्र," लेवी टॅगर्ट म्हणाला.

"ते ठरवायला सरकार मला पगार देतं. तू घाई करू नकोस."

मोंटानात जनावराचा मालक तापल्या लोखंडाने दिलेल्या डागावरून ठरतो. लेवीचा डाग चंद्रकोर, टोकं उजवीकडे. त्याचा घोडा बिस्किट; त्याच्या डाव्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या अंगाला, ती होती, चांगली वीतभर. टोकं डावीकडे असलेली कोर ओढ्यापलीकडच्या कर्नल व्हिटलॉकची. कर्नलकडे चार हजार जनावरं होती. लेवीकडे बिस्किट होता.

मासिक तीन वर्षांपूर्वीचं. कर्नलच्या एका पाहुण्याने न्यूयॉर्कहून आणलेलं. चित्रात लेवी बिस्किटवर स्वार होता, डाव्या हातात दोर. मागे बर्फाची तीन शिखरं आणि पिसांचे टोप घालून भाले परजत येणारे सात इंडियन. बिस्किटच्या उजव्या पुठ्ठ्यावर कोर. टोकं डावीकडे.

"तेव्हा कर्नलची, आता तुझी," क्रॅबट्री म्हणाला. "म्हणजे मधे कोणीतरी डाग बदलला."

"साहेब, डागावर डाग देता येईल एक वेळ. पण या पुठ्ठ्यावरचा उचलून त्या पुठ्ठ्यावर कसा नेणार?"

"तेच विचारायला आलोय." क्रॅबट्रीच्या आवाजात कौतुक होतं. "तीस वर्षं झाली या कामात. इतकी सफाई नाही बघितली."

लेवीने टोपी काढली. "चित्र उलटं छापलंय. लाकडावर कोरतात आणि कागदावर दाबतात, शिक्क्यासारखं. सुलटं कोरलं की उलटं उमटतं. आपलं डागायचं लोखंड नाही का, लोहार मुद्दाम उलटं घडवतो?"

"घडवतो ना. लोहाराला अक्कल असते. न्यूयॉर्कवाल्यांना लोहाराएवढी तरी असेल की."



क्रॅबट्रीने मान वर करून आसपास बघितलं. चारी बाजूंना नुसतं गवत होतं, आभाळाला टेकेपर्यंत.

"ही शिखरं कुठायत?"

"नाहीत. चित्रकाराने घातली."

"आणि हे सात जण?"

"हेस्टरचं धुणं."

"पाच लेंगे, दोन चादरी," दारातून लेवीची बायको म्हणाली. "भाला म्हणजे माझी काठी. ती एकच होती."

"चित्रकार दोन दिवस राहिला," लेवी म्हणाला. "आमच्या घेवड्याने पोट बिघडलं त्याचं. अंगणाबाहेर गेला नाही बिचारा."

"म्हणजे शिखरं मनाची, इंडियन मनाचे. फक्त डाग तेवढा बघून काढला, आणि नेमका तोच उलटा?"

"सगळंच उलटं आहे. शिखरंसुद्धा."

"जी नाहीतच ती उलटी?"

"हो."

"लेवी, कोर्टात हे बोलू नकोस. ज्युरी हसेल. हसून हसून भूक लागली की ज्युरी पटकन फाशी देते."

हेस्टर आत गेली आणि लेवीचा दाढीचा आरसा घेऊन आली. तिने तो चित्रासमोर धरला.

"बघा आता."

आरशात लेवीच्या उजव्या हातात दोर होता. बिस्किटच्या डाव्या पुठ्ठ्यावर कोर. टोकं उजवीकडे. क्रॅबट्री वाकून बघत राहिला. त्याचे ओठ हलले. लेवीने श्वास रोखला, आणि बिस्किटनेही रोखला असावा, कारण त्याची शेपटी थांबली.

मग क्रॅबट्रीने आरशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

चित्रकाराची सही होती. मासिकात सुलटी वाचता येत होती, आरशात उलटी.

"माणूस सगळं चुकेल," क्रॅबट्री म्हणाला, "पण स्वतःचं नाव चुकेल?"

"नाव कोणीतरी मागाहून कोरलं असेल, साहेब. तेवढं उलटं कोरलं, म्हणून सुलटं…"

"बाई, हा आरसा कुठून घेतलात?"

"हेलेनाहून. बाजारातून."

"फसवलं तुम्हाला."

त्याने बिस्किटच्या गळ्यात दोर अडकवला. "चोरी लावत नाही तुझ्यावर. सगळ्या देशाने बघितलेला माणूस आहेस तू. घोडा तेवढा कर्नलकडे परत जाईल."

"परत कसला? तो तिथे कधी गेलाच नाही!"

"म्हणजे फारच दिवस झाले."

"साहेब, सोमवारी सगळे गुरं वळवायला निघतात. बिनघोड्याच्या माणसाला कोण घेणार कामावर? वर्षाचं खाणं त्यावर आहे आमचं."

"हे चित्र दाखव. धावत येतील."

"मग चित्र तरी द्या."

"ते पुराव्यात गेलं," क्रॅबट्री म्हणाला आणि मासिक कोटात घातलं.

बिस्किट दोन पावलं चालला आणि थांबला. मान वळवून त्याने लेवीकडे बघितलं. खोगीर विसरलास, असं काहीतरी. खोगीर कुंपणावर होतं. लेवीने त्यावर हात ठेवला, उचललं नाही. क्रॅबट्रीने दोर ओढला.

दोघं ओढ्याकडे निघाले. लेवी बघत होता. हेस्टरला बघवेना, म्हणून तिने पाठ फिरवली. आरसा अजून तिच्या हातात होता, तिच्या खांद्यावरून मागचं दाखवत.

त्यात बिस्किट चालला होता. उजव्या पुठ्ठ्यावर कोर. टोकं डावीकडे.

"उगाच बघितलं," हेस्टर म्हणाली.