लांब शेपट्यांची कासवं

होळी अजून व्हायची होती, तरी दुपारी बाराचा भोंगा झाला की अख्खं गाव जुन्या बर्फाच्या कारखान्यात येऊन बसायचं. चारपर्यंत बाहेर माणूस टिकत नसे. फक्त भिकातात्याचे दोन्ही मुलगे होडीवर असत. पाण्यावर गार असतं, म्हणायचे.

दाराशी यमुनाकाकी बसायची. वीस वर्षांपूर्वी किनाऱ्याची वाळू एवढी तापू लागली, की कासवांच्या अंड्यांतून नुसत्या माद्याच निघायच्या. तेव्हा काकीनेच या खोलीत थंड वाळूच्या पेट्यांत अंडी जपली, नर जन्माला घातले आणि समुद्रात सोडले.

आज दार कुणीतरी बाहेरून खरवडत होतं.

"उघडू नको गं," भिकातात्या ओरडला. "सगळा गारवा जाईल."

काकीने फटीतून पाहिलं आणि कडी काढली. भर उन्हात, डांबरी रस्त्यावर, पार पुळणीपर्यंत कासवांची रांग लागली होती.

"अंडी घालायला आली असतील," कोणीतरी म्हणालं.

"शेपट्या बघा केवढ्या लांब आहेत," काकी म्हणाली. "हे नर आहेत. नर एकदा पाण्यात गेला, की जन्मात परत जमिनीवर येत नाही."

कासवं माणसांच्या पायांमधून वाट काढत आत आली. जिथे पूर्वी वाळूच्या पेट्या होत्या त्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी गार फरशीवर माना टेकल्या.

काकी दार लावायला उठली.

"राहू दे उघडं," भिकातात्या म्हणाला. तो समुद्राकडे बघत होता. "पोरं यायची आहेत माझी."