बोटाच्या पेराएवढा
चाळीस किलोमीटर जाणारा प्रकाश टेबलावरच्या हातभर फायबरमधून थेट सोडला, की समोरचा रिसीव्हर जळतो. म्हणून मध्ये प्रकाश मंद करणारा, पेराएवढा अ‍ॅटेन्युएटर लावलेलाच असतो. आज तो नव्हता. कंत्राटावरच्या तनुजाताईंच्या हातून तपासणी करताना रिसीव्हर असलेली साठ मॉड्यूल जळाली. "म्या न्हाई काढला, सायेब! मॅडम, तुमी तरी सांगा, नऊ वर्सांत माझं कधी चुकलं का?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी रीडिंग घेताना मीच तो काढून खिशात टाकला होता. "लावण्याआधी बघायचं ना, ताई," मी म्हणाले. "उद्यापासून येऊ नका," साहेबांनी सांगितलं. संध्याकाळी घरी न्यायला चाकणची बस लागली. गेटवर सिक्युरिटीवालीनं तनुजाताईंचा डबा उघडायला लावला, पर्स झटकायला लावली. रिकामी पर्स धरून त्या म्हणाल्या, "माझ्याच हातनं कुठं पडला आसंल, मॅडम." खिशातला तो आता माझ्या मुठीत होता; त्या मिटलेल्या मुठीकडे न बघता सिक्युरिटीवालीनं मला सलाम ठोकला.