नेथनचा नकार

या, जवळ सरका. झांजा ठेवा खाली. रूथचं आख्यान गाऊन झालं, बवाजाच्या आप्ताने विधवा रूथशी लग्न नाकारून वेशीवर पायातला जोडा काढून दिला तेही ऐकलंत. आता तसल्याच एका जोड्याची गोष्ट सांगते, पण शारजातली.

रूबेन अष्टमकर अल नहदाच्या एका टॉवरखाली गाडीत बसून होता. काचा बंद, एसी बंद, अंगातून घामाच्या धारा. तरी उतरवेना. वर अकराव्या मजल्यावर नेथन राहत होता, आणि रूबेनचं लग्न त्या नेथनच्या हातात होतं.

ठाण्याहून तो खोर फक्कानच्या बंदरावर नोकरीला आला, त्याला वर्ष झालं. अल कुसैसच्या एका दवाखान्यात दाढ दाखवायला गेला, तर रिसेप्शनवर याएल पेणकर. एकमेकांची आडनावं ऐकून दोघं हसलेच. परमुलखात आपल्या बेने इस्रायलांतलं, मराठी यहुद्यांतलं माणूस भेटलं, मग दाढ कुठली दुखतेय! तीन महिन्यांत लग्नाचा विषय निघाला, आणि याएलचा चेहरा उतरला.

ती विधवा होती. नवरा बेन्झी दोन वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. मोशेच्या नियमाप्रमाणे अशी बाई नवऱ्याच्या भावाला बांधलेली. त्याने तिच्याशी लग्न करावं, नाहीतर पंचांसमोर नकार द्यावा. मग तिने त्याच्या पायातला जोडा सोडवायचा. तोवर ती मोकळी नाही.

"भाऊ आहे?" रूबेनने विचारलं होतं.

"आहे. नेथन. सासऱ्यांच्या दुसऱ्या बायकोचा."

"मग विचार त्याला. यल्ला, खलास!"

"तो अजून तयार नाही, रूबेन."

महिन्यामागून महिने गेले, उत्तर तेच.

रूबेनने मुंबईच्या रब्बींना, आपल्या धर्मगुरूंना, फोन लावला. "सावत्र भाऊ आहे हो. चालेल?"

"बाप एक ना? मग भाऊच तो. अरे, तेरा वर्षं पूर्ण झालेला पोरगासुद्धा चालतो. पण राजीखुशीने हवा. जबरदस्तीचा नकार धरत नाहीत."

ती राजीखुशीच रूबेनच्या डोक्यात जाऊन बसली.

याएल दर शुक्रवारी शाब्बाथच्या जेवणाला सासरी जायची. नेथनला आवडतो म्हणून चिकाचा हलवा करून न्यायची. परतायची तेव्हा चेहरा कसा उजळलेला. रूबेनने त्या माणसाचा फोटोही पाहिला नव्हता. पाहायचाच नव्हता त्याला.

"काल काय म्हणाला माहितेय?" गेल्या आठवड्यात ती हसत हसत म्हणाली. "'डोन्ट मॅरी एनीवन. आय विल मॅरी यू.'"

रूबेनने चटकन विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, इन्शाल्ला."

"चेष्टा सुचतेय तुला?"

"मग रडू? दोन वर्षं तेच केलं."

"कोर्टात सही करू. मोकळे होऊ."

"तू होशील मोकळा. मी सिनॅगॉगमध्ये कुठल्या तोंडाने बसू? उद्या पोरं झाली तर त्यांना काय सांगू?" मग खाली बघत ती म्हणाली, "सगळं कळलं, तर थांबशील का रे तू?"

"सगळं म्हणजे?"

ती पर्स उचलून चालू लागली. तेवढ्यावरूनच रूबेन काय समजायचं ते समजला. हिला तोच आवडतो. त्याच्याने तिला सोडवत नव्हतं आणि धरताही येत नव्हतं. आठ दिवस तो नीट जेवला नाही.

म्हणून आज, ती ड्यूटीवर असताना, तो एकटाच आला होता. भांडायचं नाही, असं ठरवून. दादा म्हणायचं. पाय धरायचे. पुरुषाने पुरुषाशी बोलून काय तो निकाल लावायचा.

लिफ्टमध्ये त्याने वाक्य तीनदा घोकलं. अकराव्या मजल्यावर बेल दाबली.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "नेथन, बघ रे कोण आहे!"

कडी बराच वेळ खटखटत राहिली. रूबेनने हात जोडले, मान खाली घातली. दार उघडताच, वर न बघता, एका दमात बोलून टाकलं, "नेथनदादा, तुमच्या पाया पडतो, तिला मोकळं करा!"

समोर डायनासोरचं चित्र असलेल्या दोन इवल्याशा सपाता होत्या.

"हू आर यू?" नेथनने विचारलं, आणि मूठ उघडून दाखवली. "लुक! माय टूथ!"

तर मंडळी, येत्या शुक्रवारी दिवे लावाल तेव्हा रूबेनची आठवण ठेवा. थांबलाय बिचारा. नेथनला तेरा पूर्ण व्हायला हवीत, आणि तो यंदाच पहिलीत गेला.