सातवा हूक

"सातवा हूक तुमचा," इगाराशीबाई म्हणाल्या आणि त्यांनी नात्सुएच्या नावाची लाकडी पाटी भिंतीवर लटकवली. नात्सुएला आधी वाटलं, ॲप्रन अडकवायची सोय असेल. मग तिने वरचा कागद वाचला. 'बाळंतपणाचा क्रम'. डावीकडे संडास धुण्याचा क्रम होता. उजवीकडे होता तो फेब्रुवारीतल्या सणाला राक्षसाचा मुखवटा घालून मुलांकडून भाजक्या सोयाबीनचा मार खाण्याचा.

मात्सुमोतोतल्या त्या पाळणाघरात तिचा हा पहिलाच दिवस. मुलं बासष्ट आणि त्यांना सांभाळणाऱ्या सातजणी. संचालिका इगाराशीबाई अगदी मायेने समजावत होत्या. "दोघी एकदम रजेवर गेल्या तर मुलांकडे कोण बघणार? म्हणून वर्षाला एकच. पहिल्या हुकाला वर्षभर मुभा. झालं तर उत्तम. नाही झालं तर एक एप्रिलला पाटी शेवटी, आणि बाकीच्या एकेक हूक पुढे."

पहिल्या हुकावर कुवानोबाईंची पाटी होती. कुवानोबाई सेहेचाळीस वर्षांच्या. दर सोमवारी सगळ्या पाट्या फडक्याने पुसायच्या त्या, आणि तिरकी झालेली सरळ करायच्याही त्याच. दोन वर्षांची पोरंसुद्धा त्यांच्यासमोर रांग मोडत नसत. या वयात यांना पहिला हूक कशाला, हे नात्सुएच्या अगदी ओठांवर आलं होतं. शेजारच्या बाईंनी तिला कोपराने ढोसलं. "नंबर म्हणजे नंबर," त्या पुटपुटल्या.

नात्सुए चौतीस वर्षांची. घरी येऊन तिने बोटं मोजली. "म्हणजे चाळिसाव्या वर्षी."

तिचा नवरा शुनपेई लिफ्ट दुरुस्त करायचा. "सहा वर्षं? अगं, बंद पडलेल्या लिफ्टपाशीसुद्धा माणसं एवढी थांबत नाहीत!"

तो हसला, तिला काही हसू आलं नाही. पस्तिशीच्या आत काय ते बघा, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. पण कायम होणारी नोकरीही तिला पहिल्यांदाच मिळत होती आणि घराला तिची गरज होती. आठवडाभर नवरा-बायकोने खल केला. शेवटी ठरलं, की आधी सहा महिन्यांचं प्रोबेशन संपू द्यायचं, मग कुणाशी तरी नंबर बदलून घ्यायचा. तशी सवलत होती, फक्त कागदावर सहीऐवजी दोघींचे शिक्के लागत. तिसऱ्या हुकावरच्या बाईंनी दोन वर्षं राक्षस व्हायचं कबूल करून एक हूक पुढे सरकून घेतलं होतं. नात्सुए चार वर्षं राक्षस व्हायला तयार होती.

सगळं कसं शहाण्यासारखं ठरलं. आणि जूनमध्येच तिला दिवस गेले.

इगाराशीबाईंनी बातमी ऐकली आणि आधी कॅलेंडरकडे पाहिलं.

"सातव्या हुकावरून?"

"हो, बाई."

"पहिल्या नंबरच्या घरी जाऊन माफी मागा. त्यांनी नंबर दिला तर माझी काही हरकत नाही. नाहीतर सप्टेंबरात तुमचं प्रोबेशन संपतंय. मला नियम सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो."

घरी जाताना नात्सुए रस्त्यातच रडली. इतकी वर्षं हवंहवंसं वाटलेलं बाळ पोटात होतं, आणि तिला मात्र चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं.

माफी मागायची तर मिठाई जड हवी. दुकानात शुनपेईने योकानच्या घट्ट वड्यांची पेटी हातात तोलून पाहिली. "दोन किलो. पुरेल का?"

"सहा जणींना मागे टाकलंय आपण," नात्सुए म्हणाली. "तीन घे."

रविवारी सकाळी दोघं काळे सूट घालून कुवानोबाईंच्या दारात कमरेत वाकून उभी राहिली. शुनपेईने पेटी पुढे धरली होती आणि वजनाने तो आणखीच वाकत होता.

"बाई, आम्हाला तुमच्याआधी बाळ होतंय," नात्सुए म्हणाली. "आमचं चुकलं."

आत त्यांच्या नवऱ्याने टीव्ही बंद केला. मग कुवानोबाईंनी दोघांना आत बसवलं, नात्सुएने आणलेला अदलाबदलीचा कागद नीट वाचला आणि खणातून शिक्का काढला.

"मी सव्विसाव्या वर्षी लागले इथे," त्या म्हणाल्या. "सातव्या हुकावर. नंबर आला बत्तिसाव्या वर्षी. वर्ष संपलं, काही झालं नाही. पाटी शेवटी. परत नंबर आला तेव्हा एकोणचाळीसची होते. तेही वर्ष गेलं. हा तिसरा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं नात्सुएला झालं. प्रोबेशन, पगार, इतके दिवस केलेले हिशेब, तिला काहीच आठवेना. "मग नको, बाई! हा तुमचा नंबर आहे. मी नाही घेणार." तिने कागद ओढायला हात पुढे केला.

कुवानोबाईंनी वर्गात मारतात तशी तिच्या हातावर हलकी चापट मारली. शिक्का त्यांनी कागदावर दाबला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला. मग पेटी उघडून वडी कापली आणि सगळ्यांत जाड तुकडा नात्सुएच्या बशीत ठेवला.

"दोघांचं खा," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज वर्गातलाच होता. "आणि उद्या पाट्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या मीच हलवणार. वीस वर्षांत माझ्या नंबरावर पहिल्यांदाच बाळ येतंय."