चौथी रिम

"काका, ही रिम नेलीत तर उद्या शाळा भरणार कशी?" मुख्याध्यापिका सावळेबाईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. भार्गवकाकांच्या आजोबांच्या मॉरिस गाडीची ही चौथी मूळ रिम तीन पिढ्या शाळेच्या ओसरीवर टांगून घंटा म्हणून मार खात होती. पण तिच्याशिवाय जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत मॉरिसला कोण उभं करणार? काकांनी बदल्यात देवघरातली घंटा दिली. देव काही बोलले नाहीत.

रविवारी मैदानावर अख्खं गाव लोटलं. परीक्षक होते गावचेच निवृत्त न्यायाधीश, भलते कडक. चौथ्या चाकापाशी वाकून त्यांनी विचारलं, "ही मूळची कशावरून?" आणि स्वतःच हातोडी हाणली.

टण्ण! टायर चढवूनही तिचा आवाज बसला नव्हता.

मग आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं गाव "सुटलीऽऽ" करत फाटकाकडे पळालं. सर्वांत पुढे न्यायाधीश, चषक दप्तरासारखा पाठीला लावून.

"साहेब, माझा निकाल?" काका ओरडले.

"अस्सल! एकदम अस्सल!" न्यायाधीश न थांबता म्हणाले. "चषक उद्या देतो, शाळा भरली की!"